झोपु, नैना आणि पाप

ठाण्याहून पनवेलला जाणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये, बायकांच्या डब्यात, सात-आठ वर्षांचा एक मुलगा आईच्या गुडघ्याला टेकून उभा होता. नुकतंच वाचता येऊ लागलेलं पोर दिसेल ते वाचतं, तसा तो समोरच्या बाईच्या हातातला पेपर मोठ्यानं वाचत होता. "झो-पु यो-जना र-खड-ली." मग मान वर करून त्यानं विचारलं, "आई, झोपू योजना म्हणजे सगळ्यांनी झोपायचं का?" डबा हसला. मीही हसले. ऐरोली गेल्यावर खिडकीशी बसलेली एक बाई म्हणाली, "आमचीच योजना आहे ती. नऊ वर्षं झाली घर सोडून. आधी भाडं तरी मिळायचं, आता तेही थांबलंय." ती कुणावर रागावून बोलली नव्हती, माहिती द्यावी तसं बोलली. पण त्यानंतर तुर्भे येईपर्यंत डब्यात कुणी फारसं बोललं नाही.

मुलाचं काही चुकलं नव्हतं. झोपडपट्टी पुनर्वसनातला 'झो' आणि 'पु' उचलून वर्तमानपत्रांनी 'झोपु' केलं. बातमीच्या मथळ्यात जागा कमी असते, त्यामुळे त्यांचीही अडचण समजते. पण ज्या माणसाचं घर पाडलंय, ज्याचं नाव पात्र-अपात्रच्या यादीत लोंबकळतंय, जो संक्रमण शिबिरात दिवस काढतोय, त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या गोष्टीचं नाव 'झोपु' असावं आणि ते ऐकून शेजारच्याला हसू यावं, हे मला त्या दिवसापासून डाचतंय. मी नोकरीला बेलापूरला जाते आणि शनिवार-रविवारी लोकांना सरकारी अर्ज लिहून देते. अर्जावर कार्यालयाचं नाव लिहिताना अडखळणारी माणसं मी इतकी पाहिली आहेत, की हा विषय मला गमतीचा वाटेनासा झालाय.

सरकारी लघुरूपं हास्यास्पद का होतात, याचं एक कारण आपल्या लिपीतच आहे. इंग्रजी लघुरूप बहुतेक वेळा सुट्या वर्णांचं बनतं. एमएमआरडीए म्हणताना आपण पाच वर्ण वेगवेगळे उच्चारतो. त्याचा शब्द होत नाही, म्हणून त्याला भलता अर्थही चिकटत नाही. मराठी लघुरूप अक्षरांचं बनतं, आणि आपलं अक्षर स्वर पोटात घेऊनच येतं. महानगरपालिकेची मनपा होते, ठाण्याची ठामपा, रोजगार हमी योजनेची रोहयो, महिला आर्थिक विकास महामंडळाचं माविम. तोंडातून सहज निघणारे, विभक्तीचे प्रत्यय लावता येणारे हे चांगले शब्द आहेत. पण शब्द इतक्या पटकन होतो म्हणूनच तो आधीच भाषेत असलेल्या एखाद्या शब्दावर जाऊन आदळण्याची शक्यताही जास्त. 'रोहयो'ला मराठीत आधी काही अर्थ नव्हता. लोकांनी रोजगार हमीवर खडी फोडली, बांध घातले, आणि त्या कामानं शब्दाला अर्थ दिला. 'झोपु'ला मात्र आधीच अर्थ होता. जिल्हा परिषदेच्या पत्रांत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचं 'मु.का.अ.' होतं. कागदावर टिंबं असल्यामुळे ते खपून जातं, पण मोठ्यानं वाचलं की सभागृहात खसखस पिकते. एका जबाबदार पदाला हे शोभत नाही.

पोलीस ठाण्यातही अशी लघुरूपं पुष्कळ आहेत. सपोनि, पोउनि, पोहवा, गुरनं. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. ती त्या खात्यातल्या माणसांनी एकमेकांसाठी केलेली लिहिण्याची सोय आहे, आणि ज्याला वाचायचं आहे त्याला ती कळते. प्रश्न येतो तो लघुरूप खात्याबाहेर पडून लोकांच्या दारावर लागतं तेव्हा.

दुसरं कारण माणसांचं आहे, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. प्राधिकरणाचं किंवा योजनेचं नाव ठरतं ते टिपणीवर. नस्ती (म्हणजे फाईल) एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते, नाव बहुतेक वेळा आधी इंग्रजीत येतं, मग त्याचं मराठी होतं, मग अधिसूचना निघते. या सगळ्या प्रवासात ते नाव डोळ्यांखालून जातं, कानांवरून जात नाही. ज्या बाईला त्या नावाच्या खिडकीवर उभं राहायचं आहे, तिच्या तोंडून ते कसं ऐकू येईल, हे कुणी पाहतच नाही. असा एखादा नियमही नाही.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असंही नाही. अमेरिकेच्या नौदलाच्या ताफ्याच्या सरसेनापतीच्या पदाचं अधिकृत लघुरूप कित्येक वर्षं 'सिंकस' होतं. इंग्रजीत त्याचा उच्चार 'सिंक अस' असा होतो, म्हणजे 'आम्हाला बुडवा'. शांततेच्या काळात ते चाललं. ७ डिसेंबर १९४१ला पर्ल हार्बरवर हल्ला झाला, युद्धनौका खरोखरच बुडाल्या, आणि त्या महिन्याच्या अखेरीस पदावर आलेल्या अॅडमिरल अर्नेस्ट किंग यांनी ते लघुरूप बदलून 'कॉमिंच' केलं. युद्ध अंगावर आलेलं असताना, हाताशी हजार कामं असताना, त्यांना नाव बदलायला वेळ मिळाला. कारण त्या नावाखाली ज्यांना समुद्रात जायचं होतं त्यांच्या मनावर त्याचा काय परिणाम होत असेल, हे त्यांना समजलं होतं. आपल्याकडे 'नाव बदलायचं म्हणजे सगळे शिक्के, सगळे फलक, सगळी लेटरहेडं बदलावी लागतील' हे कारण मी प्रत्यक्ष ऐकलं आहे. युद्धातल्या नौदलापेक्षा आपल्या कार्यालयांची अडचण मोठी असू शकत नाही.

इथे कुणी म्हणेल की हा शुद्ध मराठीचा आग्रह आहे. तसा तो नाही. नवी मुंबई वसवणारी सिडको हे इंग्रजी नावाचंच लघुरूप. १७ मार्च १९७०ला ते महामंडळ स्थापन झालं, आणि आज 'सिडकोत राहतो' असं नाशिकचा आणि छत्रपती संभाजीनगरचा माणूसही सांगतो, कारण तिथे ते वस्तीचं नाव झालंय. म्हाडाचंही तसंच. 'म्हाडाची लॉटरी लागली' हे वाक्य इतकं मराठी आहे, की त्यात इंग्रजी कुठे आहे ते शोधावं लागतं. ज्या शब्दाला आपण चा-ची-चे लावतो, ज्याच्यावर रागावतो, ज्याचे उपकार मानतो, तो आपला. उलट २००५ साली वीज मंडळाचं विभाजन झालं तेव्हा महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण अशी नावं आली. ती संस्कृतकडे झुकलेली आहेत, तरी फार चांगली आहेत. महावितरण म्हटल्यावर वीज घरापर्यंत आणून देणारे ते, हे न सांगता कळतं. माझ्या सोसायटीतल्या वयस्कर मंडळींच्या तोंडी अजून 'बोर्डाची माणसं' आहे, पण बिलावरचं नाव त्यांनाही कळतं. म्हणजे शब्द इंग्रजीतून आला की संस्कृतातून, याच्याशी मला देणंघेणं नाही. तो ज्याच्यासाठी आहे त्याच्या जिभेवर बसतो का, आणि बसल्यावर त्याला शरमिंदं करतो का, एवढंच मी पाहते.

जिभेवर बसलेलं पण डोक्यात न पोहोचलेलं नाव कसं असतं, ते ठाणेकरांना 'स्टेम'वरून कळेल. दर थोड्या दिवसांनी सूचना येते: 'स्टेम प्राधिकरणाच्या दुरुस्तीच्या कामामुळे २४ तास पाणीपुरवठा बंद.' आमच्या सोसायटीच्या फळ्यावर ही सूचना खडूनं लिहायचं काम अनेक वर्षं माझ्याकडे होतं. एकदा मी लिहीत असताना तळमजल्यावरच्या आजींनी विचारलं, "स्टेम म्हणजे कोण गं? गेल्या आठवड्यात एमआयडीसीनं बंद केलं, आता हे आणखी कोण?" ठाण्याला पाणी एका ठिकाणाहून येत नाही. पालिकेची स्वतःची योजना आहे, स्टेम आहे, एमआयडीसी आहे, मुंबई महापालिकाही काही भागाला देते. आपल्या नळाला यातलं कोणतं येतं हे माहीत असेल तरच पिंप भरून ठेवायचं की नाही ते कळतं. त्या दिवशी मी आजींना सांगितलं की स्टेम म्हणजे शहाड आणि टेमघर. शहाडला उल्हास नदीतून पाणी उचलतात, भिवंडीजवळ टेमघरला ते शुद्ध होतं. आजींचं माहेर कल्याणकडचं. "अगं, म्हणजे उल्हास नदीचं पाणी पितो आपण! मग तसं सांगा की," त्या म्हणाल्या. पुढच्या वेळेपासून मी फळ्यावर 'शहाड-टेमघरचं (स्टेम) पाणी' असं लिहू लागले. तेवढ्यानं फरक पडला. लोक विचारेनासे झाले, आणि दोन मजल्यांवरच्या मुलांना आपलं पाणी कुठल्या नदीचं ते पाठ झालं.

पाहा, दोन गावांची नावं त्या शब्दात होती. इंग्रजी आद्याक्षरांच्या हौसेत ती गिळली गेली, आणि शिल्लक राहिला तो झाडाच्या देठाचा इंग्रजी शब्द, ज्याचा पाण्याशी काही संबंध नाही. नाव हे माणसाला पत्ता सांगण्यासाठी असतं. ते जर पत्ता लपवत असेल, तर नळ कोरडा पडल्यावर फोन कुणाला करायचा, हे कळायलाही चार दिवस जातात. ठामपाच्याच इंग्रजी लघुरूपाचं पाहा. टीएमसी म्हणजे ठाणे महापालिका, टीएमसी म्हणजे कोयनेतल्या १०५ टीएमसी पाण्याचं माप, आणि टीएमसी म्हणजे बंगालमधला पक्ष. पाण्याच्या बातमीत पहिले दोन एकत्र आले की वाचणारा गोंधळतो.

गेल्या काही वर्षांत याच्या उलट टोकाची सवय लागली आहे. आधी गोड शब्द निवडायचा आणि मग त्यात बसतील असे इंग्रजी शब्द जमवायचे. अमृत, हृदय, प्रसाद, कुसुम, उडान. या नावांत चुकून झालेली गंमत नसते, ती ठरवून केलेली कलाकुसर असते. पण ती फसते तेव्हा झोपुपेक्षा जास्त बोचते. 'अमृत' नावाचं केंद्राचं अभियान आहे, शहरांच्या पाणी आणि मलनिस्सारणासाठी २०१५ साली सुरू झालेलं. 'अमृत' नावाचीच राज्याची एक प्रशिक्षण संस्थाही आहे, खुल्या प्रवर्गातल्या आर्थिक दुर्बल तरुणांसाठी. माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला आलेला एक मुलगा स्पर्धा परीक्षेच्या मदतीसाठी दोन वेळा पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात जाऊन आला होता. त्याचा दोन दिवसांचा रोज बुडाला. गोड नाव ठेवणाऱ्याच्या खिशातून तो गेला नाही.

'आशा' या नावाबद्दल तर मला खूप बोलायचं आहे. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा कार्यकर्त्या आल्या. मराठीत आणि हिंदीत हा शब्द आशेचा, इंग्रजीत तो मान्यताप्राप्त सामाजिक आरोग्य कार्यकर्तीचा. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात चांगलंच असणार. पण त्या 'कार्यकर्ती' शब्दातच असं ठरून गेलं की या बाया कर्मचारी नाहीत, स्वयंसेविका आहेत, त्यांना पगार नाही, मानधन आणि मोबदला आहे. गरोदर बाईला दवाखान्यात न्यायचं, बाळाचं वजन नोंदवायचं, लस चुकली तर घरी जायचं, साथीत दारोदार फिरायचं, हे सगळं कामच आहे. मानधनवाढीसाठी त्या रस्त्यावर आल्या, ठाण्यातही येऊन बसल्या, तेव्हा मथळे काय आले? 'आशांची निराशा', 'आशा पल्लवित', 'आशांच्या पदरी उपेक्षा'. ज्या बातमीत रकमा, तारखा आणि अडलेला शासन निर्णय यायला हवा होता, तिथे शब्दखेळ आला. मथळा लिहिणाऱ्याला मी दोष देत नाही. नावच असं दिलं आहे की कोटी आपोआप होते आणि मागणी मागे पडते.

'नैना'चंही तेच. नवी मुंबई विमानतळाच्या आसपासचा जो भाग २०१३ साली अधिसूचित झाला आणि ज्याच्या नियोजनाचे अधिकार सिडकोकडे गेले, त्याच्या लांबलचक इंग्रजी नावातून 'नैना' निघालं. मराठीत ते 'विमानतळ प्रभाव अधिसूचित क्षेत्र' आहे. पनवेल-उरणकडच्या ज्या शेतकऱ्याची जमीन नगररचना योजनेत जाते आहे, ज्याला किती टक्के परत मिळणार आणि कुठे मिळणार याचा घोर आहे, त्याला मोर्च्यात 'नैना हटाव' असं ओरडावं लागतं. गाण्यांतून ज्याला डोळे म्हणून ओळखतो त्या शब्दाविरुद्ध मूठ आवळायची. शहरात बसून टीव्हीवर पाहणाऱ्याला ते ऐकून हसू येतं, आणि हसू आलं की त्या माणसाचं म्हणणं अर्धं वजन गमावून बसतं. 'माझी जमीन काढून घेऊ नका' या वाक्याला कुणी हसत नाही.

आता सगळ्यात अवघड गोष्ट सांगते. एका कार्यालयात मी एका काकांबरोबर गेले होते. नवी मुंबईतल्या गावठाणातले, आगरी, वय सत्तरीच्या पुढचं. वडिलांची मिठागराकडची जमीन १९७०नंतरच्या संपादनात गेलेली. वारसाचं नाव लावायचं होतं, त्यासाठीचा हेलपाटा हा पाचवा. सरकारी इंग्रजीत अशा माणसांना 'प्रोजेक्ट अफेक्टेड पर्सन' म्हणतात, आणि त्याची आद्याक्षरं पी, ए, पी. खिडकीवरचा माणूस 'पॅपवाले इकडे या' म्हणत होता. आतून संगणकावर काढलेली यादी आली. ती मराठीत होती, आणि कुणीतरी त्या तीन वर्णांचं सरळ देवनागरी करून टाकलं होतं. रकान्याच्या डोक्यावर छापलं होतं: 'पाप क्र.' त्याखाली काकांचा क्रमांक.

काकांनी चष्मा वर सरकवून ते वाचलं. मग कागद माझ्यापुढे धरला आणि हळू आवाजात म्हणाले, "जमीन बी आमची गेली, न् पाप बी आमचाच?"

मी त्या कर्मचाऱ्याला सांगितलं. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं कान पकडले, हसला, म्हणाला, "मॅडम, टायपिंगमध्ये झालंय." ते खरंही होतं, कुणी मुद्दाम केलं नव्हतं. पण मुद्दाम केलं नाही, एवढ्यानं ते पुसलं जात नाही. उलट त्यातून हे कळतं की ती यादी तयार झाल्यापासून किती हातांतून गेली आणि एकालाही ती थांबून वाचावीशी वाटली नाही. यादीतली माणसं त्यांच्यासाठी क्रमांक होती. क्रमांकाला कुणी काय म्हणतं, याचं कुणाला काय वाटणार?

इथे मी कार्यालयाचं लघुरूप आणि माणसाचं लघुरूप यांत फरक करते. कार्यालयाचं नाव हास्यास्पद निघालं तर ते बदलता येतं, नाहीतर वापरून वापरून गुळगुळीत होतं. सिडको हा शब्द तसाच रुळला. पण माणसांच्या समूहाला, त्यातही ज्यांचं काही काढून घेतलंय अशा समूहाला, आद्याक्षरांनी हाक मारण्याचा अधिकार कुणालाच नाही. 'प्रकल्पग्रस्त' हा मराठी शब्द लांब आहे, पण तो खरं सांगतो. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त म्हणावं तसा. यांच्यावर प्रकल्प कोसळला, असं तो स्पष्ट म्हणतो. लोक स्वतःला भूमिपुत्र म्हणवतात, तोही त्यांचा शब्द आहे. लघुरूपात पहिला बळी जातो तो 'ग्रस्त'चा. एकदा ते गेलं की कुणावर काय कोसळलं, हे नावात उरतच नाही.

लोक स्वतः नाव देतात तेव्हा काय होतं, हे याच मातीत पाहायला मिळतं. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन घेतली गेली. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी लढले, जानेवारी १९८४मध्ये जासईच्या परिसरात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या मोबदल्यात विकसित भूखंड परत मिळण्याचं तत्त्व आलं. सरकारी कागदांत त्या योजनेला मोठं नाव आहे. लोकांनी तिला 'साडेबारा टक्के' म्हटलं. एवढंच. नाव म्हणजे एक आकडा, आणि त्या आकड्यात सगळा हिशेब. पुढे विमानतळाच्या पुनर्वसनात 'साडेबावीस टक्के' आलं. घणसोलीतल्या, करंजाड्यातल्या कुठल्याही घरात जा, म्हाताऱ्या बाईलाही विचारा, ती साडेबारा टक्के म्हणजे काय ते नीट समजावून सांगेल. कुठलं नाव लोकांचं आणि कुठलं लादलेलं, हे यावरून ओळखता येतं. लोकांचं नाव समजावून घ्यायला कुणाकडे जावं लागत नाही, आणि त्यावर कुणी हसत नाही.

'नावात काय एवढं, काम झालं की झालं' असं मला माझ्याच ऑफिसातल्या सहकाऱ्यांनी सांगितलं आहे. मी त्यांचं म्हणणं गंभीरपणे घेते, कारण काम महत्त्वाचं आहेच. पण काम करून घेण्यासाठी माणसाला आधी खिडकीवर जाऊन काहीतरी म्हणावं लागतं. ते म्हणताना त्याची मान खाली जाणार असेल किंवा त्याला शब्दच सापडणार नसेल, तर काम सुरू व्हायच्या आधीच तो हरलेला असतो. स्थानिक प्राधिकरणांचा कारभार मराठीतून व्हावा म्हणून २०२२ साली विधिमंडळानं कायदा केला. तो फलकांच्या अक्षरांपुरता राहू नये, एवढी माझी मागणी आहे. नवीन प्राधिकरणाचं, योजनेचं, रकान्याचं नाव अधिसूचित होण्याआधी ज्यांच्यावर ते लागणार आहे अशा दहा माणसांसमोर मोठ्यानं वाचावं. कुणी हसलं तर ते बदलावं. कुणी गप्प झालं तर नक्कीच बदलावं. याला समिती लागत नाही, सल्लागार लागत नाही, अर्ध्या तासात होतं.

काकांच्या नावानं त्या कार्यालयाला मी एक अर्ज लिहिला. विषय: यादीतील रकान्याचे शीर्षक 'प्रकल्पग्रस्त क्रमांक' असे पूर्ण लिहिणेबाबत. खाली काकांनी सही केली, मराठीत, पूर्ण नावानं, वडिलांच्या आणि गावाच्या नावासकट. आवकच्या टेबलावर शिक्का मारून घेतला आणि पोच काकांनी शर्टाच्या आतल्या खिशात घडी घालून ठेवली. त्याला आता चार महिने झाले. परवा नवी यादी लागली. काकांचं नाव तिसऱ्या पानावर आहे, आणि रकाना अजून तोच आहे. येत्या शनिवारी आम्ही दुसरा अर्ज लिहिणार आहोत. या वेळी त्या पानावरचे आणखी अकरा जण सही करायला येतो म्हणाले आहेत.